रिकाम्या जागा भरा

कन्ना चौकात, टॉवेलच्या दुकानावर माझी खोली.
लोखंडी जिना, अकरा पायऱ्या, बारावी सैल.
संध्याकाळी सात ते साडेआठ.
फळ्यावर तीन शब्द: इन, ऑन, ॲट.
खाली मागच्या बाजूला चार माग चालतात,
म्हणून प्रत्येक नियम ओरडून,
तोही दोनदा सांगावा लागतो.

मी सांगते, सोलापूर मोठं,
आपण त्याच्या पोटात, म्हणून इन.
अक्कलकोट रोड लांबच लांब,
कारखाने त्याच्या काठाला, म्हणून ऑन.
आणि कन्ना चौक म्हणजे नकाशावरचा नुसता ठिपका,
म्हणून ॲट.
ठिपका कसा ओ मॅडम, मागून रेणुका विचारते,
मार्कंडेयाच्या रथाच्या दिवशी
तिथं पाय ठेवायला जागा नसते.
तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपलं बरं असतं.
आपला एकटा 'ला' सगळीकडे जाऊन येतो:
मिलला, बँकेला, दवाखान्याला, पुण्याला.
शब्दाच्या मागून गुमान चालतो,
कुणाला काही विचारत नाही.
इंग्रजीत तेच अक्षर पुढे येऊन उभं राहतं
गेटवरच्या माणसासारखं:
आत काम आहे, की दारापर्यंतच?
कुणाकडं? किती वाजेपर्यंत?
पास दाखवा.

सिद्राम लिहितो, आय वर्क इन बँक.
खरं तर तो बँकेच्या पायरीवर
बंदूक मांडीवर घेऊन बसतो.
मी इन खोडून ॲट केलं.
त्यानं विचारलं, ॲट म्हटलं की
बाहेर बसतो ते कळतं का?
म्हटलं, नाही. आत की बाहेर, काहीच कळत नाही.
मग ऱ्हाऊ द्या, म्हणाला,
आणि वहीत तीनदा गिरवलं.

संपावर म्हणजे ऑन स्ट्राइक.
इथं दोन्ही भाषांचं एकमत.
वर्गातल्या वयस्कर माणसांना
हे एकदाच सांगितलं, लगेच पाठ झालं.

नरसूबाई क्यातम
कारखान्यातून पानं-तंबाखू आणते,
कापून, भिजवून, घरी हजार विड्या वळते,
त्यातल्या शंभर-दीडशे मुकादम बाजूला काढतो.
जावई पुण्यात लॅपटॉपवर बसतो,
त्याच्याकडून ऐकलेलं वाक्य तिनं खणखणीत म्हटलं:
आय वर्क फ्रॉम होम.
वर्ग हसला.
मी व्याकरण तपासलं, मग पुन्हा तपासलं.
एकही चूक नव्हती.

अंबादास येलदी सगळ्यांत शेवटी वही देतात.
नातू तिकडे शिकागोला,
त्याला मराठी समजतं, बोलता येत नाही,
तेलुगू तर समजतही नाही.
फोनवर त्यानं विचारलं होतं, तुम्ही काय करायचा?
उत्तर पाठ करायचं म्हणून त्यांनी लिहून आणलं:
आय वॉज ऑन द लूम फॉर ट्वेंटी सिक्स इयर्स.

मी लाल पेन उघडलं.
काका, बघा, म्हटलं,
कापड असतं ऑन द लूम.
ताणलेलं, बांधलेलं, धोट्याखाली.
माणूस असतो ॲट द लूम. शेजारी. उभा.

त्यांनी वही परत ओढून घेतली.
ऐकायला कमी येतं, म्हणून मी पुन्हा ओरडून सांगितलं.
ते वाक्यावरून बोट फिरवत राहिले,
सूत तुटलंय का बघावं तसं,
आणि म्हणाले,
मग बरोबरच लिवलंय की ओ बाई.

पेनाचं टोपण सापडत नव्हतं.
तेवढ्यात लाईट गेली.
खालचे चारही माग एकदम थांबले,
आणि अंधारात
माझाच आवाज केवढा मोठा,
ॲट, म्हणत होते मी,
ॲट, ॲट.